एसावची चाल कुणी कापली?

कॅलिफोर्नियातल्या एका चित्रपट कंपनीने आमच्या गावच्या चर्चमधल्या माणसांना फसवलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे गमतीजमती येणार आहेत आणि हसता हसता तुम्ही मूळ मुद्दा विसराल. फसवलं त्यांना, मला नव्हे. पण त्यांच्या वतीने सौद्याला मी बसलो होतो, आणि मी बसलेल्या सौद्यात समोरचा मला गुंडाळून गेला असं याआधी कधी झालं नव्हतं. छप्परवाल्याला, पॉपकॉर्नच्या तेलवाल्याला, खुद्द माझ्या मेहुण्याला विचारा.

संपादकांनी कळवलं, ‘तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा, अंक दिवाळीचा आहे, जरा प्रसन्न असू द्या.’ प्रसन्नच लिहितो. पण एक शब्द कापायचा नाही, असं त्यांना फोनवर बजावलं आहे. कापाकापीचा मला आता फार राग येतो. का, ते पुढे कळेल.

माझं थिएटर व्हर्जिनियात आहे. वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनहून दक्षिणेला दोनेक तास गाडी चालवली की आयटीवाल्यांची एकसारखी घरं संपतात आणि जुनी तंबाखूची शेतं लागतात. तिथल्या एका छोट्या गावात मुख्य रस्त्यावर ही इमारत आहे. एकच पडदा, वर लाकडी बाल्कनी. मी बार्शीचा. वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. अमेरिकेत आलो तो मेहुण्याच्या पेट्रोलपंपावर गल्ला सांभाळायला. हे थिएटर तेव्हा बंद पडलं होतं, छत गळत होतं आणि पडद्यामागे रॅकून या मांजराएवढ्या रानटी प्राण्याचं कुटुंब राहत होतं. मालकाला ते कसंही करून विकायचं होतं आणि मला ते कसंही करून घ्यायचं होतं. पण मी चेहऱ्यावर असा भाव ठेवला की केवळ त्या रॅकूनची दया येऊन हा व्यवहार करतो आहे. किंमत आणखी उतरली.

धंदा कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. पूर्वीसारख्या रिळांच्या पेट्या आता येत नाहीत. चित्रपट कुलूपबंद हार्ड डिस्कमधून येतो. त्या कुलपाची किल्ली कंपनी ईमेलने पाठवते, आणि ती कंपनीने ठरवलेल्या वेळीच लागते. त्याआधी मालक असूनही मला माझ्या थिएटरात तो चित्रपट बघता येत नाही. पहिल्या आठवड्यातल्या तिकिटाचा मोठा वाटा कंपनी नेते. आम्ही जगतो पॉपकॉर्नवर. म्हणून हर्नडनची मराठी मंडळी कधी रविवारी मराठी चित्रपटाला येतात आणि पिशवीतून चिवड्याचे डबे काढतात, तेव्हा माझं रक्त उकळतं. एकदा एका काकूंना म्हटलं, “काकू, बाहेरचं खाणं आत चालत नाही.” त्या म्हणाल्या, “बाहेरचं कुठलं? घरचंच आहे. घ्या थोडा.” घेतला. चांगला होता.

पण माझं खरं गिऱ्हाईक म्हणजे गावातली कृष्णवर्णीय माणसं. आमची ओळख झाली तीच माझ्या एका घोडचुकीतून.

बार्शीत बाल्कनी म्हणजे इभ्रत. लग्नानंतर नवराबायको पहिला पिक्चर बाल्कनीत बघत. खाली शिट्ट्या मारणारे, वर अत्तर लावलेले. त्यामुळे इमारत ताब्यात आल्यावर मी सगळ्यात आधी बाल्कनीच्या खुर्च्यांना लाल कापड चढवलं आणि दारावर पाटी लावली: ‘बाल्कनी. विशेष वर्ग. दोन डॉलर ज्यादा.’ बाल्कनीचा जिना इमारतीच्या आत नाही, बाजूच्या बोळातून बाहेरच्या बाहेर वर जातो. ते तर मला फारच पसंत पडलं. थोरामोठ्यांसाठी स्वतंत्र प्रवेश!

उद्घाटनाच्या दिवशी एक उंच, सडपातळ म्हातारे गृहस्थ त्या पाटीसमोर उभे राहिले. डोक्यावर हॅट, हातात काठी. त्यांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि हसायला लागले. इतके, की खांबाला धरावं लागलं. मागून त्यांची बायको आली. “विलिस, श्वास घे! काय झालं?” त्यांनी काठीने पाटी दाखवली. तिने वाचली, आणि तीही दुसऱ्या खांबाला धरून हसायला लागली.

मी तापट माणूस. बाहेर येऊन म्हटलं, “यात हसण्यासारखं काय आहे? परवडत नसेल तर खाली बसा!”

आता ती दोघं खांब सोडून एकमेकांना धरून हसू लागली.

“मुला,” ते गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, “मी पोरगा होतो तेव्हा आम्हा काळ्या लोकांना खाली बसायची परवानगीच नव्हती. त्या बोळातल्या जिन्याने वर जायचं आणि त्या भट्टीत बसायचं. आम्हाला जिथे कोंडायचे, त्या जागेचे तू दोन डॉलर ज्यादा घेणार?”

माझे कान तापले. पाटी काढायला स्टूल आणावं म्हणून वळलो, तर त्यांनी काठी आडवी घातली. “पाटीला हात लावायचा नाही.” खिशातून दोन डॉलर काढून काउंटरवर आपटले. “त्या जागेचा भाव वाढेल म्हणून जन्मभर थांबलोय मी. एक विशेष वर्ग!”

पाटी अजून तिथेच आहे. आणि मिस्टर विलिस अजून प्रत्येक वेळी ते दोन डॉलर आपटतात. घ्यायला नकार दिला की रागावतात.

इकडे वडीलधाऱ्यांना पहिल्या नावाआधी मिस किंवा मिस्टर लावून हाक मारतात, आपण काका-काकू म्हणतो तसंच. त्यामुळे ते मिस्टर विलिस, त्यांची बायको मिस अर्लीन, आणि मी, धोत्रे हे आडनाव कुणाच्याच जिभेवर वळेना म्हणून, मिस्टर डी.

मिस अर्लीनशी माझं पहिलं भांडण झालं ते पडद्याशी बोलण्यावरून. आपल्याकडे शिट्टी मारतात, पैसे उधळतात, पण पडद्यावरच्या माणसाला सल्ला देत नाहीत. इथे देतात. एका भयपटात नायिका अंधाऱ्या तळघरात उतरायला लागली तेव्हा मिस अर्लीन मोठ्याने म्हणाल्या, “उतरू नकोस, पोरी! पोलिसांना फोन कर!” मी टॉर्च घेऊन गेलो. “मॅडम, शांतता राखा.” त्यांनी माझ्याकडे अशा कीव आलेल्या नजरेने पाहिलं! “बेबी,” म्हणजे आपल्याकडचं ‘बाळा’, “तिला कुणीतरी सांगायला नको का?” आजूबाजूचे सगळे “हो ना, हो ना” करायला लागले. मी टॉर्च विझवली. पुढे पुढे तर शांत हॉल मला मेल्यासारखा वाटायला लागला.

आता मुद्द्याकडे येतो. फेब्रुवारी हा इथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. तो आला की कंपन्यांना गुलामगिरीवरचे चित्रपट आठवतात. कंपनीचा बुकिंगवाला फोन करतो, “तुमच्याकडे चर्च आहेत ना? घ्या. बस भरभरून येतील.” पहिल्या वर्षी मी घेतला. खरोखर बस भरून आल्या. बायका चर्चला घालतात तशा मोठ्या हॅट घालून आल्या होत्या. मी खुशीत. चित्रपट सुरू झाला आणि थोड्या वेळाने हॉलचं दार उघडून एकेक हॅट बाहेर यायला लागली. सगळ्यात पुढे मिस अर्लीन. मला वाटलं प्रोजेक्टर बंद पडला.

“काय झालं?”

“काही नाही, बेबी. आत चाबूक चाललाय. संपला की जाऊ.”

“संपला हे कसं कळणार?”

“आवाज बदलेल. कॉफी आहे का?”

दुसऱ्या दिवसापासून लॉबीत खुर्च्या मांडायला लागलो. पुढे पुढे भिंतीपलीकडच्या आवाजावरून मलाच कळायला लागलं. एक ठरावीक रडकं व्हायोलिन सुरू झालं की कॉफी चढवायची. ती तयार होईपर्यंत हॅट बाहेर आलेल्या असायच्या. तिथे ज्या गप्पा चालायच्या, त्यात हसणंच जास्त असायचं. आत त्यांच्याच पूर्वजांवर कोरडे ओढत असायचे आणि बाहेर ह्या बायका नातवंडांच्या लग्नाच्या गोष्टी करायच्या. सुरुवातीला मला ते विचित्र वाटलं. मग लक्षात आलं की ह्या घरी जात नाहीत. आवाज बदलला की परत आत जातात. पाठ फिरवत नाहीत, फक्त तेवढं बघत नाहीत.

मिस्टर विलिस मात्र बाल्कनीतून हलायचे नाहीत. लॉबीत नवराबायकोचं ठरलेलं भांडण व्हायचं.

“माझ्या पणजोबाने ते सोसलं. मला साधं बघवू नये?”

“त्याने सोसलं ते फुकट. मी तिकीट काढून का सोसू?”

मी दोघांनाही पॉपकॉर्न द्यायचो. असं भांडण गावातल्या प्रत्येक घरात होतं. पोरांनी बघायलाच हवं म्हणणारा एक, आणि पुरे झालं आता म्हणणारा एक. आणि घरोघरी या भांडणाला तिसरी बाजूही होती. मिस्टर विलिसच्या घरात ती होती टाशा, त्यांची नात, हायस्कूलमध्ये इतिहास शिकवणारी. ती फेब्रुवारीत यायची, पॉपकॉर्नची मोठी बादली घ्यायची आणि घरी जायची. आत पाऊल टाकायची नाही.

एकदा मी विचारलंच, “अगं, इतिहासाची शिक्षिका तू, आणि इतिहासाचा पिक्चर बघत नाहीस?”

तिने उलट विचारलं, “मिस्टर डी, तुमच्याकडे जुन्या काळावरचे पिक्चर असतात ना? त्यात तुमची माणसं काय करतात?”

मी रंगात आलो. घोडदौड, गड चढणं, शत्रूला चकवून निसटणं, आणि बार्शीत त्या क्षणी पडद्यावर उधळलेली नाणी, सगळं सांगितलं.

“आणि आमच्या पिक्चरमध्ये आम्ही काय करतो?”

मी पॉपकॉर्नची बादली तिच्यापुढे सरकवली.

“आम्ही रडतो,” टाशा म्हणाली, “आणि एखादा चांगला गोरा माणूस येईपर्यंत थांबतो. मार खाल्ला हे खरंच आहे, मी वर्गात रोज शिकवते. पण त्या लोकांना शनिवार संध्याकाळ नव्हती का? लग्नं केली नाहीत? थट्टा केली नाही? मग माझा आजोबा इतका चावट कुणावर गेला?”

याचं उत्तर मला त्या उन्हाळ्यात मिळालं. दर वर्षी त्यांचं सगळं कुळ एकत्र जमतं. अटलांटाहून, जर्सी सिटीहून, कुठून कुठून माणसं येतात, सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे. मला बोलावलं होतं, म्हणजे माझ्या पॉपकॉर्न मशीनला बोलावलं होतं. जेवणं झाल्यावर मिस्टर विलिस उठले आणि त्यांनी पणजोबाची गोष्ट सांगितली.

पणजोबाचं नाव एसाव. गावाबाहेरच्या तंबाखूच्या मळ्यावर गुलाम. मळ्याचा मालक मोठा ऐटबाज. पोट पुढे काढून तीन पावलं टाकायचा, थांबून सोन्याचं घड्याळ काढून बघायचा, नाक ओढायचा, पट्टा वर सरकवायचा, पुन्हा तीन पावलं. शनिवारी संध्याकाळी तंबाखू सुकवायच्या कोठारात गुलाम जमायचे, टाळ्यांचा ठेका धरायचे, आणि एसाव मधून चालायचा. हुबेहूब मालकासारखा. पोट, घड्याळ, नाक, पट्टा. हसून हसून लोक लोळायचे. एके दिवशी मालक दारात उभा. ठेका थांबला. आणि मालक टाळ्या वाजवायला लागला! म्हणाला, “काय सुंदर नाचतोस रे! पुन्हा कर.” एसावने मालकासमोर मालकाची नक्कल पुन्हा केली. मालकाने खूश होऊन घरातून केक मागवून त्याला बक्षीस दिला.

“स्वतःलाच ओळखलं नाही त्याने!” मिस्टर विलिस म्हणाले. मग काठी बाजूला ठेवून ते चालून दाखवायला लागले. ती चाल एसावने मुलाला शिकवली, मुलाने नातवाला, त्याने विलिसना. शेदीडशे माणसं टाळ्यांचा ठेका धरून होती. मी इतका हसलो की पॉपकॉर्न जळाले.

नंतर मिस्टर विलिस माझ्याजवळ बसून म्हणाले, “मुला, माझे गुडघे गेलेत. पोरं शिकतात, पण ती नाचतात, चालत नाहीत. माझ्यानंतर एसाव संपला. एकदा तुझ्या त्या मोठ्या पडद्यावर त्याला चालताना बघायचंय.”

आणि पुढच्याच वर्षी कंपनी गावात आली. गुलामगिरीवर चित्रपट करायचा होता. त्यांना एसावचं ते जुनं कोठार हवं होतं, जे आता चर्चच्या मालकीचं आहे, आणि गर्दीसाठी चर्चची माणसं. दिग्दर्शिका सिमोन, लॉस एंजेलिसची, स्वतः कृष्णवर्णीय, मनाने चांगली बाई. तिच्याबरोबर कंपनीचा एक निर्माता, गुळगुळीत माणूस. चर्चच्या मंडळींनी मला बोलावलं. मिस अर्लीन म्हणाल्या, “आमच्या वतीने तू बोल. छप्परवाल्याला तू रडवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.”

मी म्हटलं, “काय मागू? चर्चचं छप्पर मागू?”

“छप्पर आमचं आम्ही घालू. एसाव माग.”

चर्चच्या तळघरात जेवण ठेवलं होतं. तळलेले मासे, मक्याचा ब्रेड, रताळ्याचं सारण भरलेली गोड पेस्ट्री. जेवणं झाल्यावर मी बाह्या सरसावल्या. “कोठार हवं तर शनिवार संध्याकाळ घ्यावी लागेल. चाबूक तुम्हाला दाखवायचा तेवढा दाखवा, पण एसावची चाल पिक्चरमध्ये पाहिजे. आणि पहिला खेळ माझ्या थिएटरात.” निर्माता हे-ते करायला लागला. मी उठून कोट चढवला. माझी जुनी युक्ती. दारापर्यंत जाण्याआधीच तो म्हणाला, “कबूल! शब्द देतो.” सिमोनचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “ती चाल म्हणजे या चित्रपटाचं काळीज आहे.”

मी पिशवीतून कागद काढला. मी पॉपकॉर्नच्या तेलाचा सौदासुद्धा लिहून घेतो. तर मिस अर्लीनने माझ्या हातावर हात ठेवला. “टेबलावर नाही, बेबी. देवाचं नाव घेऊन जेवलोत. या टेबलावर जेवून दिलेला शब्द आमच्यात कुणी मोडत नाही.”

निर्माता चटकन म्हणाला, “अगदी बरोबर!”

तो इतक्या चटकन बोलला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. पण चाळीस माणसांसमोर मिस अर्लीनचा हात झटकून टाकायची हिंमत माझ्यात नव्हती. कुणात आहे ते सांगा.

चित्रीकरण झालं. कोठारात दिवे लागले, गावातली माणसं जुन्या कपड्यांत उभी राहिली. एसावचं काम करणारा नट देखणा होता, चपळ होता. मिस्टर विलिस त्याला शिकवत होते आणि वैतागत होते. “तू नाचतोयस! नाचू नकोस, चाल. नाच मालकाला दिसला पाहिजे. आपल्याला मालक दिसला पाहिजे.” शेवटी सिमोन म्हणाली, “तुम्हीच का नाही करत?” आणि मिस्टर विलिस, एसावच्या म्हाताऱ्या चुलत्याच्या वेषात, काठीशिवाय, कॅमेऱ्यासमोर ती चाल चालले. चारेक मिनिटं. कॅमेरावाला हसू दाबताना रडकुंडीला आला. मी स्वतः तिथे होतो.

मग पहिल्या खेळाचा दिवस उजाडला. शनिवारची दुपार. कंपनीने खेळ दिला, तेवढा शब्द पाळला. कुळ जमलं होतं, सगळे पिवळ्या टी-शर्टात, पाठीवर ‘एसावची लेकरं’. लॉबी सूर्यफुलाच्या शेतासारखी झाली होती. टाशाही आली होती, मुलीला घेऊन, आणि पहिल्यांदा पॉपकॉर्न घेऊन आत निघाली होती. मिस्टर विलिसनी दोन डॉलर आपटले. “विशेष वर्ग!”

सिमोन आली नाही. बरं नाही, असा निरोप आला. कंपनीने पाठवला होता ग्रेग नावाचा माणूस, वितरण विभागातला, पिवळ्या शर्टांचे फोटो काढायला. पोट पुढे काढून तीन पावलं टाकायचा, थांबून फोन बघायचा, नाक ओढायचा, पट्टा वर सरकवायचा, पुन्हा तीन पावलं. बाल्कनीच्या कठड्यावर हनुवटी टेकून मिस्टर विलिस त्याच्याकडे बघत होते.

किल्ली लागली, पडदा उजळला, आणि काय दंगा! “अरे, आपलं कोठार!” “तो बघ डेरेक! डेरेक, सरळ उभा राहा!” डेरेक शेजारीच बसला होता, तो म्हणाला, “तेव्हा सरळच होतो!” चाबूक आला तेव्हा हॅट उठल्या, लॉबीत आल्या, कॉफी प्यायल्या, परत गेल्या. आणि मग पडद्यावर संध्याकाळ झाली. कोठाराचं दार. आतून टाळ्यांचा ठेका. हॉलमध्ये सगळ्यांनी तोच ठेका धरला. दार उघडायला लागलं.

आणि सकाळ झाली. व्हायोलिन. माणसं शेतात.

“मिस्टर डी, मागे घे!” कुणीतरी ओरडलं. सगळ्यांना वाटलं मशीन चुकलं. मी धावत प्रोजेक्टरपाशी गेलो. मशीन ठणठणीत होतं. चित्रपट पुढे गेला, संपला, नावं वर सरकायला लागली. हॉल गप्प होता. इतक्या वर्षांत हा हॉल मी पहिल्यांदा गप्प पाहिला. टाशा मुलीला जॅकेट चढवत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

तेवढ्यात वरून आवाज आला. लाकडी बाल्कनीवर पाय. ठक, ठक. मिस्टर विलिस उठले होते. ते दाराबाहेर गेले. बाहेरच्या जिन्यावर त्यांची काठी वाजत खाली येताना सगळ्यांना ऐकू येत होती. मिस अर्लीनने टाळी धरली. शेजारणीने धरली. बोळ संपला, काठी थांबली, आणि मिस्टर विलिस पुढच्या मोठ्या दारातून आत आले. काठी त्यांनी माझ्या हातात दिली. “दिवे लाव, मुला.”

दिवे लावले. खालच्या मधल्या वाटेने ते चालले. पोट नाही, तरी पोट दिसलं. तीन पावलं. खिशातून घड्याळ नाही, फोन काढला. तो लांब धरून बघितला. नाक ओढलं. पट्टा वर सरकवला. तीन पावलं.

अर्ध्या क्षणात सगळ्या हॉलला कळलं. सगळे एकाच वेळी मागे उभ्या असलेल्या ग्रेगकडे वळले आणि जो हशा फुटला, त्याने मला छताची काळजी वाटायला लागली. टाशाने मुलीला खांद्यावर घेतलं. बाल्कनीतली पोरं पाय आपटत होती. मिस्टर विलिस फोन बघत, नाक ओढत, पडद्यापर्यंत गेले आणि तसेच परत आले. गुडघ्यांचं दुखणं कुठे गेलं होतं कुणास ठाऊक!

सगळ्यात जोरात टाळ्या कोण वाजवत होता? ग्रेग. फोनवर चित्रणही करून झालं होतं. माझ्या दंडाला धरून म्हणाला, “वंडरफुल! हा म्हातारा कोण? इतकं सुंदर, मग हे पिक्चरमध्ये का नाही घेतलं?”

मी बार्शीच्या स्टँडवर शिकलेलं सगळं मराठी त्याला ऐकवलं. त्याला वाटलं मी अभिनंदन करतोय. मिस अर्लीन मध्ये आल्या. “ओरडू नकोस, बेबी.” मग ग्रेगला गोड आवाजात म्हणाल्या, “तुम्हाला आवडलं ना? आमच्याकडे पद्धत आहे. ज्याला आवडतं, तो केक देतो.”

“नक्की पाठवतो!” ग्रेग म्हणाला.

आणि पाठवला की! पुढच्या आठवड्यात चर्चमध्ये भला मोठा केक आला, वर कंपनीचं चिन्ह. तो कापताना त्या तळघरात जे हसले लोक, तसं हसणं मी ऐकलेलं नाही. मिस्टर विलिसनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “एसावच्या केकसारखाच. कोरडा.”

सिमोनचा फोन नंतर आला. रडत होती. कंपनीने कुठल्यातरी दूरच्या शहरात अनोळखी लोकांना बसवून चित्रपट आधी दाखवला होता. गुलामगिरीच्या चित्रपटात मध्येच हसू आल्याने ते गोंधळले म्हणे. ती भांडली, हरली. चित्रण मात्र आहे, म्हणाली, कंपनीच्या कपाटात. मी निर्मात्याला फोन केले. त्याने मला एकच विचारलं, “लिहून घेतलं होतं का?”

माझी मुलगी सई म्हणते, “बाबा, लेट इट गो. यू कान्ट फाइट एव्हरीवन.” एव्हरीवन कशाला? मला एकच माणूस हवा आहे. मिस्टर विलिस दर रविवारी चर्चमधून निघताना विचारतात, “आला का रे माझा एसाव?” मी म्हणतो, “अजून नाही.” ते म्हणतात, “हरकत नाही. तो आल्याशिवाय मी जाणार नाही, तेव्हा सावकाश येऊ दे.” मिस अर्लीन म्हणतात, “मग येऊच नकोस म्हणावं.” आणि दोघं हसत गाडीत बसतात. मी हसत नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते कपाट असतं.

ग्रेगने विचारलेला प्रश्न बरोबर होता. तोच मी इथे छापून विचारतो आहे. त्या दूरच्या शहरातल्या अनोळखी लोकांचं ऐकून ज्याने ती कात्री चालवली, त्याचं नाव मला कुणी सांगत नाही. हरकत नाही. त्याने माझ्या थिएटरवर यावं, येताना ते चित्रण घेऊन यावं. बोळातल्या जिन्याने वर जावं. दोन डॉलर ज्यादा द्यावेत, सवलत मिळणार नाही. मिस्टर विलिसच्या शेजारच्या लाल खुर्चीत बसावं, आणि टेबलावर जेवून कंपनीने दिलेला शब्द का मोडला, ते त्यांच्या तोंडावर सांगावं. पडद्यापाशी मी उभा आहे. उत्तर मिळाल्याशिवाय दिवे मालवणार नाही.